झॉम्बी हॉररची सुरुवात, पैसे नाहीत, मोबाइलवर शूट: काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पाच विद्यार्थी, हातात एक मोबाइल आणि एक उसना ट्रायपॉड, पैसे नसल्यात जमा, आणि झॉम्बी हॉररपटाची फक्त पहिली दोन मिनिटं करायची आहेत. ती स्वस्त दिसू नयेत, बघणाऱ्याला भीती वाटावी, आणि झॉम्बी म्हणून किती जण गोळा करावे लागतील?

शेवटच्याचं उत्तर आधी देते. एक. जमलं तर तोही अर्धाच दिसू दे.

हे शहाणपण फजितीतून आलंय. आमच्या अभ्यासक्रमातल्या फिल्मची दिग्दर्शक मी होते. अकरा जण जमवले, सगळ्यांच्या तोंडाला पांढरी पावडर फासली, वर लाल रंग शिंपडला आणि भर दुपारी मोकळ्या मैदानात त्यांना कॅमेऱ्याकडे चालत आणलं. माझ्या डोक्यात तो अंगावर येणारा लोंढा होता. पडद्यावर मात्र अकरा ओळखीचे चेहरे हात पुढे करून काहीतरी मागायला आल्यासारखे दिसले. दहाव्या सेकंदाला कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग वर्ग आवरेना.

नंतर तो तुकडा मी कितीतरी वेळा पाहिला. चुका चेहऱ्यावरच्या पावडरीत कमी होत्या. डोक्यावरचं ऊन सगळं सपाट करत होतं, अंधाराला लपायला जागाच नव्हती. लांबच्या एकाच शॉटमध्ये सगळे होते, म्हणजे बघणाऱ्याला मोजायला आणि ओळखायला भरपूर वेळ. आवाज मोबाइलच्या माइकचा, त्यात निम्मा वारा आणि मागे कुठेतरी खेळणारी मुलं. मरणाची शांतता दाखवायची आणि मागे पोरं ओरडतायत.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा एक मुलगी, एक कॉरिडॉर आणि एक बंद दार एवढंच घेतलं. ती घाईने आतून कडी लावते, दाराला पाठ टेकून बसते. पलीकडून टकटक येते, सावकाश, एकाच लयीत. ती हळूच विचारते, "दादा?" टकटक थांबते. काही क्षण काहीच नाही. मग दाराखालच्या फटीतून दोन बोटं आत येतात आणि फरशी चाचपू लागतात. संपलं. आमचा झॉम्बी म्हणजे दोन बोटं आणि एक सावली. या वेळी कुणी हसलं नाही.

झॉम्बी काय असतो हे प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे ते समजावण्यात तुमची दोन मिनिटं घालवू नका. टीव्हीवरच्या बातम्या, प्रयोगशाळेत फुटलेली बाटली, "हा विषाणू वेगाने पसरतोय" असं सांगणारा निवेदक, हे सगळं कापा. सुरुवातीचं काम माहिती देण्याचं नाही. रोजच्या एखाद्या गोष्टीत काहीतरी बिनसलंय एवढं जाणवलं की पुरे. नळ वाहतोय आणि बंद करायला कुणी नाही. जिन्यात एकच बूट पडलाय. ओळखीचा माणूस पाठमोरा उभा आहे आणि हाक मारली तरी वळत नाही. अशी एकच गोष्ट निवडा आणि ती नीट करा. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ठोकताळा आहे, म्हणजे तुमच्याकडे फक्त दोन पानं आहेत. त्यात दोन कल्पना मावत नाहीत.

जागेपेक्षा वेळ निवडा. २००२ च्या 'ट्वेंटी एट डेज लेटर'मधलं ओस पडलेलं लंडन आठवतं का? ते शहर कुणी रिकामं करून दिलं नव्हतं. भल्या पहाटे जाऊन, रहदारी काही मिनिटांपुरती थोपवून ते शॉट घेतले होते, आणि तो चित्रपट बहुतांशी कॅनन एक्सएल १ या टेपवर चालणाऱ्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झाला. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या चित्रात त्याहून जास्त बारकावा असतो. तेव्हा कॅमेरा साधा आहे ही सबब विसरा. सूर्य उगवायच्या आधीची किंवा मावळल्यानंतरची वीसेक मिनिटं तुमची. आकाश निळसर, रस्ता रिकामा, सावल्या मऊ. फक्त तालीम आदल्या दिवशी त्याच जागी करून ठेवा, कारण तो उजेड कुणासाठी थांबत नाही.

मोबाइलवर एक्स्पोजर (चित्र किती उजळ यायचं ते) आणि फोकस लॉक करा, नाहीतर पात्र हललं की चित्र आपोआप उजळतं आणि मंद होतं, आणि सगळं मुसळ केरात. मूळ कॅमेरा ॲप ऐकत नसेल तर हाताने सेटिंग बदलता येणारं ॲप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) सेकंदाचा १/५० हे साध्या हालचालीला ठीक. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे दिव्यांचा लुकलुकाटही यात टळतो. ६० हर्ट्झची असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६० ठेवा. झॉम्बीच्या शॉटपुरतं भरपूर उजेडात शटर १/२५० वर न्या. हालचालीतली धूसरता जाते आणि माणूस तुटक, झटके खात हलल्यासारखा दिसतो. एका पैशाचा खर्च नाही. झूम बोटाने करू नका, पायाने पुढे जा.

आणि खऱ्या अंधारात शूट करू नका, ही चूक जवळजवळ सगळे करतात. मोबाइल अंधारात चित्र उजळवायला जातो आणि पडदाभर मुंग्या येतात. एका बाजूने एकच दिवा लावा, उरलेलं काळं राहू द्या, आणि एडिटिंगमध्ये आणखी काळोख करा. पात्राच्या हातातला टॉर्च हा सगळ्यात स्वस्त लाइट. तो काय दाखवायचं नाही हेसुद्धा ठरवतो.

मेकअपबद्दल. पांढरी पावडर नको. मेलेल्या माणसाचा चेहरा पांढरा होण्यापेक्षा खोल जातो. डोळ्यांभोवती, कानशिलावर, गालाच्या हाडाखाली तपकिरी आणि जांभळट छटा पुसून पुसून लावा, ओठांचा रंग मारा. मान, कान आणि हात हमखास विसरले जातात. आमच्या अकरांपैकी नऊ जणांचे हात टवटवीत गुलाबी होते. कपडे नवे फाडलेले कळतात. ते आधी जमिनीवर घासा, कडांना सँडपेपर मारा, मग फाडा. जखमेसाठी द्रव लेटेक्स (वाळल्यावर रबरासारखं होणारं) आणि टिश्यू पेपरचे पातळ थर एकावर एक लावून वाळू द्यायचे, मध्ये चीर पाडायची, आतून गडद रंगवायचं. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा, काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते. डोळ्यांजवळ नको, आणि भुवया किंवा अंगावरच्या केसांवर आधी पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर काढताना जो आरडाओरडा होईल तो रेकॉर्ड करून ठेवण्यासारखा असतो.

रक्त: कॉर्न सिरप किंवा कुठलंही घट्ट, पारदर्शक साखरेचं सिरप, त्यात खायचा लाल रंग, थेंबभर निळा आणि चिमूटभर कोको पावडर. नुसता लाल कॅमेऱ्यावर गुलाबी सरबत दिसतो. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तर रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, कारण चित्रपट कृष्णधवल होता. तुमचंही पडद्यावर कृष्णधवल चालणार असेल तर निम्मी डोकेदुखी वाचेल, पण ते आधी ठरवा. रंग बिघडले म्हणून शेवटी काळंपांढरं केलेलं लगेच कळतं. हे रक्त डाग सोडतं आणि गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो, म्हणून पळण्याचा शॉट रक्त सांडायच्या आधी घ्या. एकूणच क्रम तसाच लावा: स्वच्छ कपड्यातले शॉट आधी, माखलेले शेवटी, कारण शर्ट एकच असतो. प्रत्येक शॉटनंतर जखमांचा फोटो काढून ठेवा, नाहीतर ओघळ एका शॉटमध्ये डाव्या गालावर आणि पुढच्यात उजव्या.

चालण्याचं काय? झॉम्बी होणाऱ्याला "झॉम्बीसारखं चाल" असं कधीच सांगू नका, तो हात पुढे करेल. त्याला एक दुखापत द्या. तुझा घोटा मोडलाय. तुझी मान एका बाजूलाच वळते. तुला श्वास घ्यावा लागत नाही. मग त्याच्याकडे करायला काम असतं, सोंग राहत नाही. पापणी मिटू नकोस एवढंही सांगा.

आता आवाज, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही. तुमच्या वेळेतला निम्मा वेळ यावर घालवा. दुसरा मोबाइल पात्राच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर ठेवून वेगळा आवाज रेकॉर्ड करा. शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला दोन्ही जुळवता येतात. प्रत्येक जागेचा रूम टोन, म्हणजे सगळ्यांनी गप्प उभं राहून घेतलेला तीस सेकंदांचा नुसता त्या खोलीचा आवाज, घ्यायचाच. तो नसेल तर प्रत्येक कटला आवाज तुटतो आणि बघणारा भानावर येतो. बाकीचं घरी करा. सेलरी या पालेभाजीचा ताजा दांडा ओल्या कापडात गुंडाळून मोडला की हाड मोडतं. ओलं फडकं पिळलं की मांस. घोगरा आवाज हवा असेल तर श्वास सोडताना नाही, आत घेताना घशातून आवाज काढा आणि एडिटिंगमध्ये त्याचा वेग कमी करा. आमच्या टकटकीचा आवाज दाराचा नव्हताच; लाकडी पेटीवर बोटाचं पेर आपटून तो केला होता.

सगळ्यात घाबरवणारा आवाज मात्र आम्हाला चुकून सापडला. कॉरिडॉरमध्ये पंख्याची घरघर रेकॉर्ड झाली होती. ती काढायला गेलो आणि टकटक थांबते तिथेच चुकून कापली गेली. अचानक इतकी पोकळी झाली की एडिट करणारा स्वतःच मागे सरकला. तेव्हापासून माझं मत आहे की ढॅण्ण करून वाजणारं संगीत हा आळस आहे. आधी एक सततचा बारीक आवाज द्या, आणि हवा तिथे तो काढून घ्या. संगीत लागलंच तर स्वतः केलेलं किंवा परवाना नीट वाचून घेतलेलं वापरा. एखादा लांब स्वर दहापट मंद केला तरी काम भागतं.

एक व्यवहाराची गोष्ट. उघड्यावर शूट करणार असाल तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या, आसपासच्यांना आणि सुरक्षारक्षकाला आधी सांगा, खऱ्यासारखी दिसणारी शस्त्रं नेऊ नका. आमची रक्ताने माखलेली मैत्रीण शॉट संपल्यावर पायरीवर बसली होती, तर एक आजोबा घाबरून धावत आले, तिला धरलं आणि मदतीसाठी हाका मारू लागले. तिने मेकअप आहे म्हणून सांगितलं तरी त्यांना पटेना. त्या दिवशी आम्हाला आमच्या मेकअपचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली. तेव्हापासून शॉट संपला की अंगावर शाल टाकायला एक जण हजर असतो.

नावांची पाटी: रक्त ओघळणारी अक्षरं टाळा, साधी बारीक अक्षरं घ्या. नावं शॉटवरच येणार असतील तर शूट करतानाच फ्रेमची एक बाजू मोकळी ठेवा, नाहीतर नंतर ती चेहऱ्यावर बसतात. आणि चित्रपटाचं नाव शेवटच्या शॉटच्या पाठोपाठ लगेच आणू नका. आम्ही बोटांनंतर पडदा पूर्ण काळा केला, फरशी चाचपण्याचा आवाज मात्र तीन सेकंद चालू ठेवला. मग कडी सरकल्याचा आवाज, आणि त्यावर नाव.