कंपनीने बंद केलेल्या मॉडेलांची पेजेस ऑनलाइन स्टोअरवरून उडवावीत की होमपेजला रिडायरेक्ट करावीत?

तुम्ही लिहिलंय की किचन अप्लायन्सेसचं स्टोअर आहे, तीनशेच्या आसपास मॉडेलं कंपन्यांनी बंद केलीत आणि डेव्हलपर म्हणतोय सगळ्यांना सरसकट होमपेजवर ३०१ मारून (म्हणजे जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं तिकडे वळवून) मोकळे होऊ. त्याला आधी थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

आमचं बडोद्यात रावपुऱ्याकडे मिक्सर, कुकर, शेगड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता मी आणि साडूभाऊ बघतो. काउंटर त्यांचं आणि वेबसाइट माझी, अशी सरळ वाटणी. पण नवरात्रात गरब्याच्या ग्राउंडवर त्यांना कुठल्यातरी एजन्सीचा पोरगा भेटला आणि त्याने फुकटात ऑडिट करून दिलं. लाल रंगाचा भला मोठा रिपोर्ट, त्यात आमची बंद मॉडेलांची सगळी पेजेस ‘डेड’ म्हणून. मी नात्यातल्या लग्नाला नाशिकला गेलेलो, तेवढ्यात यांनी त्याला लॉगिन देऊन सगळी पेजेस होमपेजला वळवून घेतली. वर सासूबाईंना सांगितलं की जावईबापूंनी साइटवर भंगार भरून ठेवलं होतं, मी साफ केलं.

आता हे भंगार काय होतं ते ऐका. मिक्सर घरात दहा-पंधरा वर्षं सहज चालतो, कंपनी मात्र दोन-तीन वर्षांत मॉडेल बदलते. मधल्या काळात कपलर तुटतो, जारचं बुश जातं, झाकणाची रिंग सैल होते. मग बाई मिक्सर उलटा करते, खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचते आणि तोच गूगलला टाकते. ती नवा मिक्सर शोधत नसते हो, तिला तिच्याच मिक्सरचा जार हवा असतो! आमच्या जुन्या पेजवर खाली त्याच मॉडेलला बसणारे जार, कपलर, रिंग लावलेले होते, आणि ऑनलाइन धंद्यातला बराच पैसा तिथून यायचा, कारण स्पेअरमध्ये मार्जिन बरं असतं आणि मोठ्या साइटींवर ‘हा जार या मॉडेलला बसतो का’ याचं धड उत्तर मिळत नाही.

तो सगळा ट्रॅफिक होमपेजवर जाऊन आदळला. समोर दिवाळी ऑफरचा बॅनर, नवीन मिक्सर, नवीन इंडक्शन. रावपुऱ्यातल्या दुकानाचा पत्ता विचारणाऱ्याला स्टेशनवर नेऊन सोडावं तसला प्रकार. लोक मागे फिरले. जे चिकाटीचे होते त्यांनी व्हॉट्सॲपवर मिक्सरच्या बुडाचे फोटो पाठवायला सुरुवात केली, खाली फक्त ‘आ मळशे?’ (हे मिळेल का?) आणि प्रत्येकाला हाताने उत्तर देत बसायचं काम अर्थातच माझ्याकडे.

एजन्सीवाल्याचं लॉजिक असं की जुन्या पेजेसना बाहेरून मिळालेल्या लिंक्सचं वजन होमपेजला मिळेल. कसलं वजन! ढीगभर जुनी पेजेस संबंध नसलेल्या एकाच पेजवर ढकलली तर गूगल ती सॉफ्ट ४०४ धरू शकतं (४०४ म्हणजे ‘पेज सापडत नाही’चा कोड), म्हणजे पेज गेलंच असं समजून चालतं. आमच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) सॉफ्ट ४०४ ची यादी लांबत गेली, ती साडूभाऊंना दाखवली तर म्हणाले, ‘ते गूगलचं काहीतरी असेल.’

शेवटी बॅकअपमधून पेजेस परत उभी केली. वर ठळक अक्षरात की हे मॉडेल कंपनीने बंद केलंय, याच्या जागी अमुक आलंय, आणि याचे पार्ट्स हे खाली. किंमत आणि कार्टचं बटण काढलं, रिव्ह्यू तसेच ठेवले. स्ट्रक्चर्ड डेटामध्ये, म्हणजे पेजमागे गूगलसाठी लिहिलेल्या माहितीत, अव्हेलेबिलिटीला ‘डिसकंटिन्यूड’ अशी वेगळी व्हॅल्यू असते ती लावली, नाहीतर लोक सगळीकडे ‘आउट ऑफ स्टॉक’ ठोकतात आणि गिऱ्हाईक माल येईल म्हणून वाट बघत बसतं. कॅटेगरीच्या लिस्टमधून आणि मर्चंट सेंटरच्या फीडमधून (गूगल शॉपिंगला दिलेल्या मालाच्या यादीतून) मात्र ही मॉडेलं काढली.

स्पेअरच्या ऑर्डरी हळूहळू परत आल्या. साडूभाऊ आजही चार लोकांत म्हणतात की तो दिवाळीचा सीझन होता म्हणून. अहो, दिवाळीच्या चटण्या-पिठांत कपलर तुटतात हे मलाही माहितीये, पण त्याच दिवाळीत पेजेस बंद होती ना! ऑर्डरी आल्या त्या नंतरच्या मंदीच्या महिन्यांत. हिशोब टॅलीत आहे, ज्याला बघायचाय त्याने बघावा.

तर तुमच्या तीनशेंचं. सर्च कन्सोल उघडा आणि कोणत्या पेजवर अजून लोक येतात ते बघा. जिथे येतात आणि तुमच्याकडे पार्ट्स, मॅन्युअल असं काहीतरी देण्यासारखं आहे, ती चालू ठेवा. जिथे नवीन मॉडेल खरोखर जुन्याचीच पुढची आवृत्ती आहे आणि पार्ट्सचा प्रश्न नाही, तिथे त्या एकाच पेजला ३०१. ते निदान वर्षभर ठेवा, आणि ते नवीन मॉडेलही बंद झालं तर जुन्याचं रिडायरेक्ट थेट शेवटच्या पेजला जोडा, साखळी करू नका. उरलेली बिनधास्त ४०४ जाऊ द्या. ४०४ ने साइट बुडते हा एजन्सीवाल्यांनी पसरवलेला बागुलबुवा आहे, आणि ४०४ का ४१० (‘पेज कायमचं काढलंय’चा कोड) यावर तासभर वाद घालणाऱ्यांना दुसरं काम नसतं. फक्त साइटमॅप (गूगलला दिलेली पेजेसची यादी) आणि मेनूतल्या लिंक्स काढा आणि ती पेजेस रोबोट्स फाइलमध्ये (गूगलने कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) ब्लॉक करू नका, नाहीतर पेज गेलंय हे गूगलला दिसणार कसं?

हो, आणि हे सगळं स्पेअर लागणाऱ्या मालाचं. कुर्ते, मोबाइल कव्हर असलं विकत असाल तर जुनी पेजेस सांभाळण्यात फारसा अर्थ नाही, तिथे तुमचा डेव्हलपर अर्धा बरोबर असेल (होमपेजचं सोडून). नुसता एखादा रंग किंवा साइझ बंद झाली असेल तर अख्खं प्रॉडक्ट काढू नका, तेवढा व्हेरिएंट काढा. शॉपिफायवर (तयार ऑनलाइन स्टोअर देणारी सेवा) असाल तर प्रॉडक्ट डिलीट केल्यावर रिडायरेक्ट आपोआप लागत नाही, हाताने टाकावं लागतं.

आणि यातल्या एखाद्या मॉडेलवर पैसे देऊन ॲड चालू असेल तर ती आजच बंद करा, पेजचं काय करायचं ते आठवडाभराने ठरवलं तरी चालेल.