पाखाडीचं पाणी ओटीवर

प्रश्न : आमचं घर दापोली तालुक्यात, उतारावरच्या वाडीत आहे. दारातल्या जांभ्याच्या जुन्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, चार वर्षांपूर्वी काँक्रीट ओतून पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हापासून जोराचा पाऊस आला की पाणी अंगणातून थेट ओटीच्या पायरीला लागतं. काय करावं? दुसरं, मी गावाची माहिती जमवते आहे. ही पाखाडी कधीची, हे कसं शोधू?

उत्तर : ताई, दोन्हीची सुरुवात जुन्या लग्नाच्या अल्बमपासून करा. वरात पाखाडीवरूनच आली असणार. फोटोत घराच्या जोत्याचे चिऱ्याचे किती थर दिसतात ते मोजा, मग आज दारात उभ्या राहून मोजा. एखादा थर कमी भरला, तर पाखाडी तेवढी वर चढली आणि तुमचं अंगण खड्ड्यात गेलं. लग्नाचं साल घरात कुणाला तरी आठवत असेल. त्या सालाआधीची पाखाडी, एवढं तरी पक्कं झालं. काम झाल्याच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांत आणि मोजमाप पुस्तकात मिळतात. दाखवायला कां-कूं केली, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

आता पाण्याचं. समजा पाखाडी 3 मीटर रुंद, 60 मीटर लांब आहे. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यावरच 9,000 लिटर पाणी पडतं; वरच्या परड्यांतलं वेगळं. जुन्या जांभ्याच्या सांध्यांत माती होती, त्यातलं थोडं तिथेच जिरायचं. उरलेलं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेच्या चरातून पऱ्याला (ओढ्याला) जायचं. आता ब्लॉकच्या फटीतून उतरलेलं पाणी खालच्या काँक्रीटवर अडतं आणि वाळू घेऊन उताराला लागतं. तुमच्याकडचे खालच्या टोकाचे ब्लॉक डुगडुगतात का, पाहा.

हा शहाणपणा मला उशिरा सुचला. ओव्हरसियर असताना एका वाडीत असाच गडग्यालगतचा चर मी 'घाण साचते' म्हणून बुजवून घेतला होता. तिथल्या चिऱ्याच्या कडेला पाण्याने घासून बोटभर खाच पडली होती. मी तिच्यावर उभा राहून टेप धरला, पण खाच कशाने पडली हे विचारलं नाही. पुढच्या आषाढात एका आजींनी मला त्यांच्या चुलीतलं पाणी दाखवलं.

तर आधी तुमच्या पाखाडीचा तो चर शोधा. कुणाच्या कंपाउंडखाली गेला असेल, तर गोडीने बोला. ब्लॉक काढायचेच झाले, तर खालचं काँक्रीटही फोडून घ्या आणि पुन्हा बसवताना घराकडून चराकडे मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार ठेवायला सांगा. नुसता अंगणाला बांध घालू नका, पाणी शेजारणीकडे जाईल आणि भांडण तुमच्याकडे येईल.

गवंड्याला बोलावण्याआधी एका पावसात छत्री घेऊन वरच्या टोकाला जा आणि मूठभर भाताचं तूस पाण्यात सोडा. ते कुठे वळतं, कुठे गोल फिरत राहतं, ते कागदावर काढून ठेवा. रांगोळी नको, ती विरघळल्यासारखी दिसेनाशी होते.