रडायचंच असेल तर इथून सुरू कर

पहिलीच रडवी कोरियन मालिका ना? मग २००२ ची ‘विंटर सोनाटा’ घे, २०च भाग आहेत. डबिंग नको, सबटायटल्स लाव. हुंदका गिळतानाचा खरा आवाज डबिंगमध्ये हरवतो. सुरुवातीला फार संथ वाटेल, तरी पुढे पळवू नकोस. नामी बेटावरची ती बर्फातली झाडांची रांग, आणि मग ३१ डिसेंबरच्या रात्री कुडकुडत नायकाची वाट बघणारी नायिका यूजिन. तो का येत नाहीये हे आपल्याला कळलेलं असतं, तिला नाही. गळा दाटतो तो तिथेच. अपघात, स्मृतिभ्रंश वगैरे मसाला आहेच, खुशाल हस. मीही हसले होते, थोडे दिवस! रात्री अकरानंतर मात्र लावू नकोस. सकाळी सुजलेले डोळे बघून ऑफिसात सगळे विचारतात, ‘काय झालं गं?’