उंची ५ फूट १ इंच, रस्ता निम्मा डांबरी निम्मा मुरमाचा: बाईने कोणती सायकल घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात रोज वारजे ते डेक्कन जायचं आहे, रविवारी खडकवासला, आणि मधे कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ताही लागतो. दुकानदार लेडीज सायकल घ्या म्हणतोय, भाऊ एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची सायकल, घे म्हणतोय. माझी उंची तुमच्यापेक्षा जेमतेम एक इंच जास्त आणि रस्ते जवळपास तेच, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या मते हायब्रिड, म्हणजे रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली, घ्या, ३८ ते ४० मिलिमीटर रुंद टायरची. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रेम तुमच्या मापाची घ्या. ती लेडीज आहे की जेंट्स हा प्रश्न त्यानंतरचा.

मी पहिली गिअरची सायकल घेतली तेव्हा दुकानात एम साइझच शिल्लक होती. "सीट खाली केली की बसेल मॅडम," असं सांगून ती मला दिली. सीट खाली गेली, पण हँडल काही जवळ आलं नाही. खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत पोचेतो करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, खांदे भरून यायचे. दोन वर्षं मला वाटत राहिलं की आपल्यातच दम नाही. मग एका मैत्रिणीची एस साइझची सायकल घेऊन डोणज्यापर्यंत गेले आणि परत येताना रडूच आलं. त्रास माझ्या अंगात नव्हता, मापात होता.

म्हणून घरी आधी माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, एक जाडसर पुस्तक पायांच्या मधे सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की दोन्ही पायडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते. माझं माप ७२ सेंटिमीटर, म्हणजे सीट साधारण ६३.५ वर. दुकानात सीट त्या उंचीवर लावून घ्या आणि मगच हँडल धरून बघा. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. हात ताठ झाले तर ती सायकल तुमची नाही, कितीही सूट देत असले तरी. फ्रेमच्या वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर दोन-तीन बोटं जागा उरते का, तेही बघा.

आता लेडीज या शब्दाचं. दांडा खाली वाकवलेली सायकल तुम्ही सलवार-कुडत्यात चालवणार असाल किंवा मागे लहान मुलाची सीट लावणार असाल तर खरंच सोयीची आहे, मनात किंतु न ठेवता घ्या. गिअरच्या सायकलींमध्ये मात्र फरक बहुधा सीट, हँडलची रुंदी आणि क्रँकची, म्हणजे पायडल जोडलेल्या पट्टीची, लांबी एवढाच असतो. जायंट कंपनीने २००८ साली फक्त बायकांसाठी लिव्ह हा वेगळा ब्रँड काढला, तो चालवून बघण्यासारखा आहे. पण नीट मापाची साधी एस किंवा एक्सएस फ्रेमही तितकंच काम करते.

ब्रेककडे बायकांनी जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं, कारण आपला पंजा लहान असतो. माझ्या जुन्या सायकलीवर उतारावर बोटांची फक्त टोकं लिव्हरला लागायची. एका मेकॅनिकने लिव्हरच्या आतल्या बाजूचा बारीकसा स्क्रू दाखवला आणि छोट्या अ‍ॅलन कीने तो फिरवला, तशी लिव्हर हँडलकडे सरकत आली. अर्ध्या मिनिटाचं काम. दुकानातच करून घ्या. बजेट असेल तर हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, घ्या, दोन बोटांनी सायकल थांबते.

भावाला सांगा, मुरमासाठी पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा (फोर्क) लागत नाही. स्वस्त सायकलींवरचा असा चिमटा जड असतो आणि चढावर प्रत्येक पायडलला खालीवर होऊन ताकद खातो. कॅनॉलच्या रस्त्यावर मुरमाचे गोल खडे चाकाखाली घरंगळतात, तिथे उपयोग रुंद टायरचा आणि कमी हवेचा. माझं वजन ५८ किलो. ३८ च्या टायरमध्ये मी हवेचा दाब पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय ठेवते. टायरवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा गाठायची गरज नाही, तेवढ्या हवेत खड्यांवरून सायकल उडत राहते. आणि टायर व चिमट्याच्या मधे बोटभर तरी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात चिकट माती मडगार्डमध्ये अडकून चाकच फिरत नाही.

गिअरचं थोडक्यात: पुढची सगळ्यात लहान चकती २८ दात्यांच्या आसपास आणि मागची सगळ्यात मोठी ३४ ची असली की चांदणी चौकाचा चढ बसूनच निघतो. पुढेमागे सिंहगड चढायचा विचार असेल तर यात तडजोड करू नका.

सीट मऊ जेलची घेऊ नका. तासाभराने ती रुतते आणि नको तिथे टोचते. बसण्याच्या दोन हाडांना आधार देणारी, मधे खाच असलेली, जरा कडकच बरी. पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर पाय उचलून बसलात तर दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजून न्या.

फेरी मारताना फक्त दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर मारू नका, एखादा स्पीडब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकचा पट्टाही घ्या. फेरीच मारू देत नसतील तर सरळ दुसरं दुकान गाठा. आणि पैसे देण्याआधी विचारा, हँडल थोडंसं लांब वाटलं तर ९० मिलिमीटरचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) काढून ७० चा बसवून देणार का. बिलावर तसं लिहून घ्या.