‘च्यायला’, ‘शिंच्या’, ‘मेल्या’ : जुन्या उद्गारांचं मूळ

आजीच्या तोंडचे ‘मेल्या’, ‘शिंच्या’, ‘च्यायला’ मुळात शिव्या आहेत का, आणि घरातल्या पोरांनी म्हटले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. तिन्हींचं मूळ वेगळं, म्हणून एकच उत्तर देता येत नाही.

‘च्यायला’ हे दोन्ही टोकं छाटलेलं वाक्य आहे. ‘त्याच्या’, ‘तिच्या’ झिजून ‘च्या’ उरला, ‘आईला’चं ‘आयला’ झालं आणि क्रियापद गाळलं गेलं. खरी शिवी त्या गाळलेल्या क्रियापदात होती. तिचा चहाशी काहीएक संबंध नाही. आईवरून दिलेली शिवी मराठीत किती जुनी आहे ते कोकणातल्या शिलाहार राजांच्या काळच्या गधेगाळी, म्हणजे शाप कोरलेले दानाचे दगड, पाहिल्या की कळतं. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याच्या आईला गाढवाचा शाप, तोही दगडावर चित्रासकट कोरलेला!

‘शिंच्या’ कानाला सर्वांत मऊ, पण मूळ सर्वांत कडू. तो ‘शिंदळीच्या’चा आखूड झालेला शब्द; शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी. माझ्या मते पोरांच्या तोंडी हा नकोच.

‘मेल्या’ ही शिवी नव्हे, शाप. ‘मुडद्या’ त्याचाच भाऊ, फारसी ‘मुर्दा’वरून आलेला. पण बायकांच्या बोलण्यात ‘मेला’ इतका रुळला की ‘मेलं लक्षातच राहत नाही’ म्हणताना मरण कोणाच्या मनातही नसतं. हा खुशाल चालू द्या.

आपल्या नागपुरातले ‘माय वं!’ आणि ‘बाप्पा!’ तर अगदी निर्मळ. घाबरल्यावर, नवल वाटल्यावर मायबापाला मारलेली ती हाक आहे. ‘साल्या’चं तसं नाही. साला म्हणजे बायकोचा भाऊ, तेव्हा समोरच्याच्या बहिणीवर हक्क सांगणारा टोमणा त्यात दडलाय. दोस्तांमध्ये ‘अबे साल्या’ खपतं, मोठ्यांसमोर नाही.

स्वतः शोधायचं असेल तर मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. संबोधनाचं रूप शोधलं की बहुधा हाती काही लागत नाही, कारण कोशात नोंद मूळ रूपाची असते. म्हणून शेवटचा ‘या’ काढून ‘आ’ लावा: शिंच्याचं शिंचा, मुडद्याचं मुडदा. ‘मेल्या’साठी थेट ‘मरणे’ पाहा.