दारात गाडी नाही म्हणून काय झालं?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. कंपनीची बस फुलेवाडीतून नेते-आणते. बायको राजारामपुरीत एका दवाखान्यात काम करते, ती मोपेडवर जाते. मुलगी सहा वर्षांची, आई अडुसष्टची, आईचे गुडघे धरतात. मागच्या महिन्यात एका लग्नाचं जेवण आटोपून रात्री अकराला आम्ही चौघं हॉलच्या दारात उभे होतो. एका पाहुण्यानं घरापर्यंत सोडलं, पण वाटेत म्हणाला, “आता घ्या की राव एखादी.” आईला ते फार लागलं. आठ लाखांची एक गाडी बघून आलोय, साडेसहा लाख कर्ज मिळतंय, पण मन घेत नाही. त्यात भाड्याचं घर सोडून फ्लॅटही घ्यायचाय. एक पाचगावच्या पुढं आहे, ऐसपैस, पार्किंगसकट. दुसरा मंगळवार पेठेत, जुना, एक खोली कमी, गाडी लावायला जागा नाही. गाडीवाचून सुखानं राहता येतं, की ही नुसती मनाची समजूत? — एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : बँकेत मी अकरा वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर होते. गाडीला हार घालून आलेल्यांचे किती पेढे खाल्ले याचा हिशेब नाही. स्वतः मात्र चारचाकी घेतली नाही. हलवायाला जिलेबी नको वाटते म्हणतात, तसलंच काहीतरी असेल. चारचाकी असं मुद्दाम म्हणते, कारण आपल्याकडं “गाडी काढ” म्हटलं की दुचाकीच बाहेर येते. ती आमच्याकडंही आहे. उगाच साधुत्व मिरवत नाही.

आधी आकडे, कारण तुमचं मन का घेत नाही ते त्यात आहे. साडेसहा लाख पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज होतं 1 लाख 60 हजार. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के कर, म्हणजे 88 हजार. आता जे कुणी सांगत नाही ते. विम्याच्या कोष्टकात चार वर्षं ओलांडलेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे तुमचे चार लाख गेले. ही तीन कलमं मिळवून साठ महिन्यांनी भागा. महिन्याला दहा हजार आठशे. ही झाली गाडी नुसती दारात उभी राहिल्याची किंमत. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग यात धरलेलं नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, ठरलं, नको गाडी. थांबा. गाडी न घेतल्यानं कुणी आपोआप सुखी होत नाही. माझ्या टेबलासमोर बसलेले निम्मे लोक गाडीवाचून रडकुंडीला आलेले असायचे आणि त्यांचं खरं दुखणं पैशाचं नसायचं. ते दुसऱ्याच्या गाडीवर जगत होते. लग्नाला जाताना कुणाच्या गाडीत जागा आहे ते बघायचं, परतताना तो निघेल तेव्हा निघायचं, जेवण अर्धं टाकून. ज्योतिबाला, नरसोबाच्या वाडीला कुणी “येता का” म्हणेल तेव्हाच जायचं. त्या रात्री तुमच्या आईंना बोचलं ते हेच. गाडी नाही याचं वाईट वाटत नाही हो, उपकार घेतल्याचं वाटतं.

यावर माझ्याकडं एकच उपाय आहे, सव्वीस वर्षं चालवलेला. पगार झाला की पहिल्यांदा ‘रिक्षाचे पैसे’ वेगळ्या खात्यात टाकायचे. आता महिन्याला तीन हजार टाकते. हे पैसे वाचवायचे नाहीत, उडवायचे. असं का? गाडीवाल्याचा हप्ता बँक परस्पर कापून घेते, म्हणून त्याला प्रत्येक फेरी फुकट वाटते. आपल्याला दर वेळी खिशात हात घालावा लागतो, मग दीडशे रुपयांची रिक्षा जिवावर येते आणि आपण पावसात म्हातारीला चालवतो. मी सुरुवातीला हेच केलं. सासूबाईंना केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, थांब्यावर पाऊण तास उभं केलं होतं, चाळीस रुपये वाचवायला. त्या काही बोलल्या नाहीत. ते खातं मी दुसऱ्या दिवशी उघडलं.

गेल्या वर्षीची वही समोर आहे. रिक्षा 14,200. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी चार वेळा, 16,500. एसटी, केएमटी आणि वडापची जीप मिळून 5,300. झाले बरोबर छत्तीस हजार. त्या चार गाड्यांतल्या एकीत माझ्या थोरल्या बहिणीला आणि तिच्या जावांना पन्हाळ्याला नेलं. चालवायला दुसरा माणूस असल्यानं सगळ्यांशी मागं वळून गप्पा मारता आल्या.

एसटी विसरू नका. 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं तुमची बायकोही अर्ध्यात जाते. आईंना पासष्टच्या वर म्हणून सवलत आहेच, पंच्याहत्तरीनंतर तर तिकीटच नाही. आधार कार्ड बरोबर असू द्या. मुंबईचं म्हणाल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपायचं आणि सकाळी उतरायचं. शाहू महाराजांच्या हयातीत, 1891 साली, आपल्या गावाला रेल्वे आली, ती वापरायला नको?

रात्री-बेरात्री दुखणं निघालं तर काय, ही भीती खरी आहे. जिथं राहाल तिथल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर घ्या. अडीअडचणीलाच नाही, एरवीही त्यांनाच बोलवा, मग रात्री दोनलाही माणूस येतो. दिवाळीला फराळाचा डबा द्या. जास्त गंभीर असेल तर 108 ची रुग्णवाहिका, तिला पैसे पडत नाहीत. आणि छातीत कळ आलेल्या माणसाच्या मुलानं घाबऱ्या हातांनी स्टिअरिंग धरू नये, हे आपलं माझं मत.

आता घराचं. खरं म्हणजे तुमच्या पत्रातला प्रश्न हाच आहे, गाडीचा तुम्ही उगाच वर लिहिलाय. पाचगावच्या पुढचा फ्लॅट घेतलात तर सहा महिन्यांत गाडी घ्याल, मी लिहून देते. पार्किंगची रिकामी जागा रोज बोलावते. मंगळवार पेठेत कपिलतीर्थची मंडई, अंबाबाई, मिरजकर तिकटी, औषधाची दुकानं, सगळं पायाखाली. आईंना गुडघे धरले तरी हळूहळू चालत देवळात जाता येईल, वाटेत चार ठिकाणी टेकायला ओळखीचे कट्टे असतील. लांबच्या फ्लॅटमध्ये त्या तुम्ही घरी यायची वाट बघत बसतील. एक खोली कमी पडेल, हे मान्य. जिना मात्र बघून घ्या. लिफ्ट नसेल आणि घर दुसऱ्या मजल्यावर असेल तर माझं सगळं म्हणणं मागं घेते. कंपनीची बस पेठेच्या जवळपास कुठं थांबते तेही सह्या करण्याआधी विचारा.

आणि त्या पाहुण्याला पुढच्या लग्नात तुम्ही विचारा, “आमची रिक्षा सांगितलीय, तुम्हाला वाटेत सोडू का?” येणार नाही तो. पण विचारा.

प्रश्न : मुलगा पुण्याला गेल्यापासून आमची आठ वर्षांची गाडी दारात धूळ खातेय. विकावी म्हणतोय. ओळखीचा एजंट म्हणतो, गाडी द्या, कागद सावकाश होतील. — एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : सर, सावकाश नाही. आरसी बुकावर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. त्या गाडीनं कुणाला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात तुमचं नाव येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा, प्रती ठेवा आणि नाव बदललं का ते स्वतः तपासा. विम्यात क्लेम न केल्याचा बोनस साठला असेल तर तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर चालतं. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुम्ही भराल. दारातली जागा मोकळी झाल्या दिवशीच तिथं दोन मोठ्या कुंड्या ठेवा. नाही ठेवल्यात तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांची गाडी तिथं उभी असेल.