पांढरी आधी, स्टोनहेंज नंतर

प्रश्न : मी 'सिव्हिलायझेशन ६' हा शहरे वसवून राज्य वाढवण्याचा संगणकीय खेळ नेहमीच्या वेगावर खेळतो. गेल्या डावात दुसऱ्याच टर्नला (फेरीला) नदीकाठची टेकडी लागली होती. परंतु स्टोनहेंज या खेळातल्या आश्चर्य-वास्तूसाठी दगडाचा साठा शेजारी हवा म्हणून सात टर्न फिरलो आणि अखेर त्याच टेकडीपासून नकाशावरच्या दोन घरांवर, साठ्याला लागून, कोरड्या सपाटीवर राजधानी वसवली. एका स्काउटनंतर (टेहळ्यानंतर) लगेच स्टोनहेंज हाती घेतले. ते प्रतिस्पर्ध्याने आधी पूर्ण केले. साठाव्या टर्नला माझे एकच शहर होते. जागा चुकली की क्रम?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : दोन्ही चुकले, पण जागा आधी चुकली. आपल्याकडच्या जुन्या गावांत वस्ती पांढरीवर आणि पीक काळीत, ही वाटणी पूर्वजांनी पुराची व पिकाची जाण ठेवून केली. खेळात पुराचा हिशेब निराळा असला, तरी वस्तीची जागा आणि कसायची जागा वेगळी पारखावी, एवढे तेथेही खरे आहे. शहराच्या केंद्राला सपाटीवर सामान्यतः 2 अन्न व 1 प्रॉडक्शन (बांधणीचे बळ) मिळते, 'प्लेन्स' प्रकारच्या टेकडीवर मात्र 2 व 2. राजवाड्याचे 2 प्रॉडक्शन धरल्यास हा 3 आणि 4 यांतला फरक आहे, आणि तो पहिल्या टर्नपासून मिळत राहतो. (गवताळ टेकडीला हा लाभ नाही, रंग नीट पाहावा.)

पाण्याचे गणित याहून कठोर आहे. गोड्या पाण्याकाठी निवाऱ्याची क्षमता (किती नागरिक सामावतील ती) 5, समुद्राकाठी 3, एरवी 2. राजधानीत त्यात 1 ची भर पडते. शिल्लक निवारा 1 वर आला की वाढ निम्मी होते. म्हणजे तुमच्या कोरड्या राजधानीची वाढ दुसऱ्याच नागरिकाशी अडखळली, जी नदीकाठी पाचव्यापर्यंत अडखळली नसती.

आता क्रम. स्काउट 30, स्लिंगर (गोफणवाला) 35 आणि पहिला सेटलर (नवे शहर वसवणारा) 80 प्रॉडक्शनचा. सेटलरसाठी शहरात दोन नागरिक लागतात व त्यातला एक त्याच्याबरोबर जातो, म्हणून आधीची दोन एकके बनेपर्यंतचा वेळ लोकसंख्या वाढण्यास उपयोगी पडतो. स्लिंगर टाळू नये : रानटी टोळीचा स्काउट तुमचे शहर पाहून तळावर परतला की हल्ला येतो, शिवाय स्लिंगरने एक शत्रू मारल्यास धनुर्विद्येचे संशोधन लवकर होते. त्यानंतर 60 चे मॉन्युमेंट (स्मारक). स्टोनहेंज 180 चे आहे. दर टर्नला 5 प्रॉडक्शन धरल्यास छत्तीस टर्न राजधानी दुसरे काहीच करीत नाही, आणि खेळाच्या वरच्या काठिण्यपातळीवर, माझ्या मते, तो जुगारच आहे.

दुसऱ्या शहरासाठी मध्ये तीन घरे सोडावी लागतात. त्याहून फार दूर जाऊ नये. हद्दी एकमेकींत गेल्याची चिंता नको, कारण लहान शहर सर्व घरे कसतच नाही.

राहिला तुमचा दगड. शहराचे नागरिक तिसऱ्या वलयापर्यंत काम करू शकतात. टेकडीवर वसला असता, तरी तो साठा राजधानीच्याच आवाक्यात राहिला असता.